गच्चीवरच्या टोमॅटोला वळण: एक खोड, दोन खोडे, पिंजरा की सुतळीची ओळ?

गच्चीवर लावलेले टोमॅटोचे रोप पहिला महिना अगदी शहाण्यासारखे वाढते आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांतच प्रत्येक पानाच्या बगलेतून फूट काढून असा पसारा मांडते की, पिकलेले फळ शोधायला कोपरापर्यंत हात आत घालावा लागतो. या टप्प्यावर बहुतेक जण चित्रफिती पाहून कात्री हातात घेतात आणि त्यांत सांगितलेला उपाय जवळपास नेहमी एकच असतो: सगळी बगलफूट काढून टाका, एकच खोड ठेवा आणि ते दोरीवर चढवा. ही पद्धत घडली ती नेदरलँड्ससारख्या देशांतील काचेच्या हरितगृहांत, जिथे ऊन बेताचे असते, जागा महाग असते आणि झाडाकडे पाहायला रोज माणूस हजर असतो. पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या उघड्या गच्चीवर फेब्रुवारी लागला की ऊन बेताचे राहत नाही आणि तिथे झाडाचे पान हे फळावरचे छप्परही असते. त्यामुळे कोणती पद्धत निवडायची हे तीन गोष्टींवरून ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे: वाण कोणत्या वाढीचा आहे, गच्चीवर दुपारचे ऊन किती वेळ आणि कोणत्या बाजूने येते, आणि आठवड्यातून किती वेळा तुम्ही खरोखर झाडाजवळ उभे राहणार आहात. शेजाऱ्याच्या झाडाला किती फळे लागली हा निकष यात बसत नाही.

आधी वाण ओळखावा

टोमॅटोच्या वाणांचे वाढीनुसार दोन मुख्य प्रकार पडतात. अमर्याद वाढीच्या वाणात पहिला फुलांचा घोस साधारण सात ते अकरा पानांनंतर येतो, पुढे दर तीन पानांमागे एक घोस येत राहतो आणि शेंडा वाढतच जातो. बहुतेक चेरी टोमॅटो आणि पुसा रुबीसारखे जुने वाण या गटातले आहेत. मर्यादित वाढीच्या वाणात दोन घोसांमधली पाने कमी होत जातात आणि शेवटी शेंड्याचाच घोस होऊन खोडाची वाढ थांबते. पुसा अर्ली ड्वार्फ आणि रोमा हे या गटातले. झाडाची वाढ अशी आपोआप थांबवणारा गुणधर्म १९१४ साली अमेरिकेतील फ्लोरिडात एका झाडावर आपसूक उद्भवला आणि यंत्राने तोडणी करता येईल असे बुटके, एकदम पिकणारे वाण पुढे त्यातूनच निघाले. या दोहोंच्या मधले, म्हणजे काही घोसांनंतर मंदावणारे वाणही बाजारात भरपूर आहेत.

बियाण्याच्या पाकिटावर हा तपशील असेलच असे नाही. रोपवाटिकेतून नाव नसलेले रोप आणले असेल, तर दुसरा घोस दिसेपर्यंत कात्री बाजूला ठेवावी. पहिल्या आणि दुसऱ्या घोसांत तीन पाने असतील तर झाड अमर्याद वाढीचे समजावे. एक किंवा दोनच पाने असतील आणि झाड झुडपासारखे रुंद होत असेल तर ते मर्यादित वाढीचे आहे. एवढे पाहण्यात गेलेले दोन आठवडे वाया जात नाहीत, कारण मर्यादित वाढीच्या झाडाची बगलफूट काढणे म्हणजे त्याच्या पिकाचा मोठा हिस्सा हाताने खुडून टाकणे आहे. त्याच्या मुख्य खोडाला मोजकेच घोस येतात आणि बाकीचे पीक त्या बाजूच्या फांद्यांवरच लागते.

लावणीच्या दिवशीच आधार उभा करावा

पठारावर साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, आणि मुंबई, कोकण व गोव्यात पाऊस पूर्ण ओसरल्यावर, २५ ते ३० दिवसांचे रोप लावावे. अमर्याद वाढीच्या एका झाडाला २० लिटरची पिशवी किंवा कुंडी द्यावी. मर्यादित वाढीच्या झाडाचे १५ लिटरमध्ये भागते. टोमॅटोच्या खोडाला जमिनीखाली कुठेही मुळे फुटतात, म्हणून खालची पाने काढून रोप वरच्या चार-पाच पानांपर्यंत खोल गाडावे. याचा पुढे वळण देतानाही फायदा होतो, कारण खोलवर रुजलेले खोड बुंध्यापाशी डुगडुगत नाही.

काठी, जाळी किंवा दोरी जी काही ठरली असेल ती याच दिवशी उभी करावी. महिन्याभराने मातीत खुपसलेली काठी तोवर पसरलेली मुळे तोडत खाली जाते. गच्चीच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे: स्लॅबला ड्रिल मारून खांब बसवू नये. चायना मोझॅकखालचे वॉटरप्रूफिंग एकदा फुटले की गळती खालच्या घरात निघते आणि मग टोमॅटो किती का गोड असेनात, सोसायटीत त्यांचा विषय काढता येत नाही. रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात पाइप उभा केला की हलवता येणारा खांब तयार होतो. असे दोन खांब, त्यांच्यावर दोन मीटर उंचीवर आडवा पाइप आणि कठड्याला दोन ठिकाणी तारेचा ताण एवढे केले, तर तीन-चार झाडांचा भार पेलतो. पाणी दिल्यावर एकेक पिशवी सहज १५ ते २० किलोंची होते, तेव्हा ओळ स्लॅबच्या मध्यावर न मांडता भिंतीलगत किंवा खालच्या तुळईच्या रेषेवर मांडावी.

बांधण्यासाठी जुन्या सुती साडीच्या किंवा ओढणीच्या बोटभर रुंद पट्ट्यांइतके चांगले दुसरे काही नाही. नायलॉनची बारीक दोरी वाऱ्यात घासून खोड कापते. पट्टी आधी काठीभोवती आवळून बांधावी, मग मध्ये पीळ देऊन इंग्रजी आठच्या आकारात खोडाभोवती सैल घ्यावी. खोड पुढे जाड होणार असल्यामुळे पट्टी आणि खोड यांत करंगळी सहज फिरायला हवी. गाठ घोसाच्या लगेच खाली कधीही बांधू नये, कारण फळांचा भार आला की घोसाचा देठ तिथेच मुडपतो.

एक खोड

अमर्याद वाढीच्या झाडाची प्रत्येक बगलफूट काढून एकच खोड दोरीवर चढवणे ही सर्वांत नीटनेटकी पद्धत आहे. वरच्या पाइपाला दोरी बांधून तिचे खालचे टोक बुंध्यापाशी सैल फासात अडकवावे आणि खोड जसे वाढेल तसे ते दर चार-पाच दिवसांनी दोरीभोवती एकाच दिशेने फिरवत न्यावे. शेंड्याची वरची वीतभर मोकळी सोडावी, कारण कोवळा शेंडा वळवताना काडकन मोडतो.

बगलफूट आणि घोस यांत गल्लत होऊ नये म्हणून खूण लक्षात ठेवावी: बगलफूट पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघते, तर घोस दोन पानांच्या मधल्या मोकळ्या खोडातून निघतो. फूट बोटाच्या दोन पेरांएवढी असताना ती अंगठा आणि तर्जनीत बुडाशी धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकवली की स्वच्छ तुटते आणि खोडावर तांदळाएवढी जखम राहते. ती खाली ओढली तर खोडाची साल सोलून निघते. पेन्सिलीएवढी जाड झालेली फूट हाताने न मोडता धारदार ब्लेडने, थोडा खुंट ठेवून कापावी. काम संपेपर्यंत बोटांवर हिरवट पिवळा थर बसतो आणि तो पुढे काळा पडतो. साबणाने दोनदा धुतल्याशिवाय तो जात नाही.

या पद्धतीत फळ लवकर आणि मोठे येते, हवा खेळती राहते आणि दोन झाडांत फूट-सव्वाफुटाचे अंतर पुरते. तिची किंमत मात्र दुहेरी आहे. एक म्हणजे आठवड्यातून दोनदा फूट काढावीच लागते. पंधरा दिवस गावाला जाऊन आलात तर सगळी शिस्त बिघडलेली असते. दुसरी गोष्ट उन्हाची. पाने मोजकी असल्यामुळे पश्चिमेकडची फळे उघडी पडतात, त्यांच्या खांद्यावर आधी फिकट पिवळा डाग येतो, मग तो पांढरा आणि कागदासारखा पातळ होतो, आत किंचित बसतो आणि शेवटी त्यावर काळी बुरशी धरते. हा रोग नसून उन्हाने भाजणे आहे, त्यामुळे त्यावर कोणतीही फवारणी चालत नाही. शिवाय फळाचे तापमान साधारण ३० अंशांच्या पुढे राहिले की त्यातला लाल रंग तयार होण्याचे मंदावते आणि फळ पिकूनही नारिंगी-पिवळे राहते. म्हणून पूर्ण उघड्या गच्चीसाठी एक खोड मी सुचवत नाही. ज्या बाल्कनीत सकाळचे पाच-सहा तास ऊन येते, दुपारी सावली असते आणि ग्रिललगत हातभरच जागा आहे, तिथे मात्र हीच पद्धत सर्वांत चांगली ठरते.

खोड पाइपापर्यंत पोहोचल्यावर हरितगृहांत दोरी सैल करून पूर्ण झाड खाली उतरवतात आणि पाने काढलेले बुंध्याकडचे उघडे खोड जमिनीलगत आडवे सरकवतात. गच्चीवर चार-पाच झाडांसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. आपला हंगाम तापमानामुळे तसाही संपत आलेला असतो. शेंडा पाइपावरून पलीकडे सोडून द्यावा.

दोन खोडे आणि अर्धी ठेवलेली बगलफूट

उघड्या गच्चीवरच्या अमर्याद वाढीच्या टोमॅटोसाठी माझी पहिली पसंती या पद्धतीला आहे. पहिल्या घोसाच्या लगेच खालच्या पानातून येणारी बगलफूट सर्वांत जोमदार असते, कारण शेंड्याकडून उतरणाऱ्या ऑक्सिन या संप्रेरकाचा धाक फुले धरण्याच्या सुमारास तिथे कमी पडतो. ती फूट ठेवावी, तिच्या खालच्या सगळ्या काढाव्यात आणि ती वीतभर झाली की तिला स्वतंत्र दोरी द्यावी. दोन्ही दोऱ्या वर एकमेकींपासून सुमारे दीड फूट अंतरावर बांधल्या की झाड मधून उघडे राहते. दोन-तीन आठवड्यांत दुसरे खोड पहिल्याची बरोबरी करते. मग प्रत्येक खोडाला एक खोड मानून त्यावरची पुढची बगलफूट हाताळायची.

इथे मिसूरी छाटणी नावाने ओळखली जाणारी युक्ती कामाला येते. बगलफूट बुडातून न काढता तिला दोन पाने येऊ द्यावीत आणि मग त्यांच्या पुढचा शेंडा खुडावा. झाडाचा पसारा वाढत नाही, पण प्रत्येक घोसाजवळ दोन जादा पाने मिळतात आणि दुपारी फळांवर सावली राहते. दोन्ही खोडांच्या पश्चिमेकडच्या फुटी अशा अर्ध्या ठेवाव्यात आणि पूर्वेकडच्या बुडातून काढाव्यात. खुडलेल्या फुटीच्या बगलेतून पुन्हा बारीक फूट येते, ती दिसली की काढावी लागते. एवढी जादा नजर ठेवायची तयारी नसेल तर ही युक्ती करू नये, कारण अर्धवट सोडलेल्या फुटींचे रान मुळीच न छाटलेल्या झाडापेक्षाही दाट होते.

एका खोडाच्या तुलनेत पहिले पिकलेले फळ काही दिवस उशिरा मिळते आणि फळ थोडे लहान राहते, मात्र झाडागणिक फळांची संख्या वाढते. घरच्या आमटीला, कोशिंबिरीला आणि सारालाही मध्यम आकाराचे फळच सोयीचे पडते. तिसरे खोड ठेवावे का, असे विचारले जाते. चेरी टोमॅटोला खुशाल ठेवावे. मोठ्या फळांच्या वाणाला २० लिटरची पिशवी तीन खोडांसाठी अपुरी पडते. दुपारी झाड मान टाकते, पाण्याचा ताण आणि ओल यांचा खेळ सुरू होतो आणि फळाच्या टोकाला कॅल्शियम न पोहोचल्याने तिथे काळा, चामड्यासारखा चट्टा पडतो.

काढलेली फूट १०-१५ सेंटिमीटरची असेल तर पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये ठेवल्यास आठवड्या-दीड आठवड्यात मुळे धरते आणि फुकटचे रोप मिळते. मात्र ज्या झाडाची पाने वर वळून गोळा झाली आहेत, त्याची फूट लावू नये. पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ विषाणू तिच्याबरोबर नव्या कुंडीत जातो.

पिंजरा

ज्यांना झाडाकडे आठवड्यातून एकदाच पाहणे जमते, त्यांनी छाटणीच्या भानगडीत न पडता जाळीचा पिंजरा वापरावा. हार्डवेअरच्या दुकानातून वेल्ड मेश जाळी घेताना चौकोनातून फळासकट मूठ बाहेर येते ना, एवढे पाहावे. सुमारे १.६ मीटर लांबीचा तुकडा गोल वळवला की अर्ध्या मीटर व्यासाचा पिंजरा होतो. उंची अमर्याद वाढीच्या वाणासाठी दीड मीटर हवी, मर्यादित वाढीच्या वाणासाठी एक मीटर पुरते. तयार मिळणारे शंकूच्या आकाराचे पिंजरे बहुधा इतके बुटके असतात की, डिसेंबरपर्यंत झाड त्यांच्या डोक्यावरून खाली लोंबू लागते. पिंजरा पिशवीवर नुसता ठेवू नये. दोन ८ मिलिमीटरच्या सळया मातीत खोल रोवून त्यांना आणि कठड्यालाही तो तारेने बांधावा, नाहीतर फळांनी लगडलेले झाड वाऱ्याबरोबर पिशवीसकट आडवे होते.

झाड वाढताना बाहेर डोकावणाऱ्या फांद्या आत वळवायच्या आणि पहिल्या घोसाखालची फूट व पाने काढायची, एवढेच काम असते. फळे भरपूर, लहान आणि सावलीत येतात. पण आतली गर्दी दमट राहते आणि पांढरी माशी व नागअळी पानाआड निवांत राहतात, त्यामुळे पिवळे चिकट सापळे लावणे आणि आठवड्याच्या त्या एका भेटीत पाने उलटून पाहणे आवश्यक आहे. पाऊस लांबणाऱ्या किनारपट्टीत पिंजऱ्याऐवजी दोन खोडेच बरी.

सुतळीची ओळ

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या परिसरातून जाताना टोमॅटोच्या शेतात बांबू, आडव्या तारा आणि त्यांना सुतळीने बांधलेली झाडे दिसतात. गच्चीवर लांबट वाफा असेल किंवा पिशव्या एका रेषेत मांडल्या असतील, तर तारेशिवाय नुसत्या सुतळीवर तेच काम छोट्या प्रमाणात करता येते आणि मर्यादित वाढीच्या वाणाला ते सर्वांत चांगले मानवते. ओळीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये दर दोन झाडांनंतर एक बांबू उभा करावा. झाडे फूटभर झाली की जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर सुतळी पहिल्या बांबूला बांधून झाडांच्या एका बाजूने ताणत न्यावी, प्रत्येक बांबूला एक वेढा द्यावा आणि शेवटच्या बांबूवरून झाडांच्या दुसऱ्या बाजूने परत आणावी. झाडे दोन सुतळ्यांच्या मध्ये उभी राहतात, एकेकाला वेगळे बांधावे लागत नाही. झाड वीतभर वाढले की त्याच अंतरावर पुढचा थर घ्यावा. चार-पाच थरांत हंगाम पार पडतो. बगलफूट फक्त पहिल्या घोसाखालची काढावी. सुतळी ऊन-पाण्याने ढिली पडते, म्हणून खालचे दोन थर मध्येच एकदा ओढून घ्यावेत.

कोणत्याही पद्धतीत चुकवू नये असे काही

छाटणी कोरड्या हवेत, दव वाळल्यानंतर सकाळी करावी, म्हणजे जखम दिवसभरात सुकते. तंबाखू मळणाऱ्या, मिसरी लावणाऱ्या किंवा सिगारेट ओढणाऱ्या व्यक्तीने झाडाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटोवर नुसत्या स्पर्शाने जातो. रोगट दिसणारे झाड नेहमी शेवटी हाताळावे.

पहिल्या घोसाची फळे भरू लागली की त्याच्या खालची पाने काढावीत. करप्याचे बीजाणू पाणी देताना उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर मातीतून प्रथम याच पानांवर येतात. पण एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त पाने काढू नयेत आणि फळांच्या वरची पाने तर पिवळी पडल्याशिवाय काढूच नयेत. पान काढल्याने फळाला ऊन लागून ते लवकर पिकते हा समज खरा नाही, फळ तापमानाने पिकते.

दोरीवर चढवलेली झाडे फुलात असताना सकाळी दहाच्या सुमारास दोरीवर टिचकी मारावी. टोमॅटोचे परागकण थरथरीने सुटतात; शेतात हे काम वारा आणि अंग थरथरवणाऱ्या रानमधमाश्या करतात, तर आडोशाच्या बाल्कनीत ते आपल्याला करावे लागते.

शेंडा खुडण्याची वेळ मागून मोजत यावी. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण दीड ते दोन महिने लागतात आणि दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे, रात्रीचे २१ ते २४ अंशांच्या वर राहू लागले की नवे फळ धरणे कमी होत जाते. पुण्याच्या हवेत अमर्याद वाढीच्या झाडाचा शेंडा फेब्रुवारीच्या मध्यावर, शेवटच्या घोसाच्या वर दोन पाने ठेवून खुडावा; थंडी लवकर ओसरणाऱ्या ठिकाणी पंधरा दिवस आधी. त्यानंतर येणारी बगलफूट मात्र बुडातून न काढता दोन पानांवर थांबवावी, कारण मार्चच्या उन्हात तीच सावली देते. सावलीची ३५ ते ५० टक्क्यांची हिरवी जाळी पश्चिमेकडून लावली तर शेवटचे दोन घोस न भाजता हाती येतात.

झाड संपल्यावर फिकट हिरवी, रंग फिरू लागलेली फळे तोडून घरात टोपलीत पसरून ठेवावीत, ती पिकतात. खोड दोरीसकट कापून काढावे, सुतळी आणि कापडाच्या पट्ट्या टाकून द्याव्यात. बांबू, सळया आणि जाळी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसून आठवडाभर उन्हात वाळवावी आणि पावसाळ्यापूर्वी जिन्याखाली किंवा छपराखाली उभी करून ठेवावी.